डॉक्टर मेंदूकडे न बघता पडद्याकडे बघतात, ते कसं चालतं?

पांढरकवड्याजवळच्या एका गावातून एका तरुणाने विचारलं आहे. वडील ५८ वर्षांचे, शेतकरी. कपाशीला पाणी देताना झटका आला, उजवा हात आखडला आणि थोडा वेळ वाचा गेली. यवतमाळला एमआरआय झाला. ‘मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात ग्लायोमा, हाय ग्रेड असावा’ असा रिपोर्ट आला, म्हणजे मेंदूच्याच पेशींतून उगवलेली, वेगाने वाढणारी गाठ असावी. नागपूरच्या एका रुग्णालयात सांगितलं, ऑपरेशन नव्या कॅमेऱ्याने करू, मोठ्या पडद्यावर बघून गाठ काढू, गाठ चमकवणारं औषधही देऊ, त्याचे पैसे वेगळे. आता घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात, “डॉक्टर डोक्यात पाह्यणार नाही अन् टीवी पाह्यणार, असं कुठं ऑपरेशन रायते काय?” मामांना वाटतं की सगळं रोबोटच करणार, त्यापेक्षा मुंबईला न्या. मुलाला तीन गोष्टी हव्यात: हे सुरक्षित आहे का, जास्तीचे पैसे द्यावेत का, आणि मुंबई गाठावी का.

मी मेंदूची ऑपरेशनं करतो आणि माझी बहुतेक नोकरी नागपूर-वर्ध्याच्या पट्ट्यातच झाली. भिंगाचा चष्मा, मायक्रोस्कोप आणि हा पडदा, तिन्हींवर काम केलं आहे. तुमच्या वडिलांचा एमआरआय मी पाहिलेला नाही, म्हणून त्यांच्याबद्दल जे लिहितो ते तुम्ही कळवलेल्या रिपोर्टपुरतं.

काकांची शंका आधी घेतो, कारण ती रास्त आहे. त्यांचा समज असा की एरवी डॉक्टर उघड्या डोळ्यांनी मेंदूत बघतात. गाठीच्या कामात तसं फारसं उरलेलं नाही. मेंदूतल्या ज्या रक्तवाहिन्या सांभाळायच्या असतात त्यातल्या कित्येक एक मिलिमीटरपेक्षा बारीक. त्यातली एखादी तुटली तर माणसाचा हात कायमचा लुळा पडू शकतो. म्हणून भिंग आलं. १९२१ साली स्वीडनच्या कार्ल-ओलोफ नायलेन या कानाच्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोप पहिल्यांदा ऑपरेशनच्या टेबलापाशी आणला. १९५३ मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीने खास ऑपरेशनसाठीचा मायक्रोस्कोप काढला. मेंदूवाले त्या मानाने उशिरा जागे झाले. १९५७ मध्ये लॉस एंजलिसच्या थिओडोर कुर्झ यांनी तो वापरला आणि १९६०च्या दशकात झुरिकच्या गाझी याशारगिल यांनी त्यावर सगळी कामाची पद्धतच बसवली. म्हणजे तुमच्या वडिलांच्या जन्माआधीपासून सर्जन आणि मेंदू यांच्यामध्ये काच आहे. आता त्या काचेच्या जागी कॅमेरा आला, एवढाच फरक. पण ‘एवढाच’ म्हणून त्याला सोडूनही चालत नाही.

मायक्रोस्कोपला दोन नळ्या असतात, त्यांना डोळे लावून काम करावं लागतं. डोळे तिथे अडकले की उरलेलं शरीर त्यांच्याभोवती कसंही वळवावं लागतं. गाठ डोक्याच्या मागच्या भागात असेल, खालून वर बघायचं असेल, तर सर्जन हात लांब ताणून, मान वाकडी करून चार-चार, सहा-सहा तास बसतो. आमच्या पिढीतल्या न्यूरोसर्जनला मानेचं दुखणं विचारून बघा, बहुतेकांना आहे. समोर उभ्या मदतनीस डॉक्टरला बाजूची नळी मिळते, आणि सिस्टर, भूलतज्ज्ञ, शिकणारी मुलं यांना भिंतीवरच्या छोट्या टीव्हीवर एक सपाट चित्र. कोणती गोष्ट किती खोल आहे ते त्यात कळत नाही. आत काय चाललं आहे हे खऱ्या अर्थाने एकालाच, फार तर दोघांना कळतं.

नव्या यंत्राला एक्सोस्कोप म्हणतात. एका यांत्रिक हातावर टांगलेला कॅमेरा, जखमेपासून साधारण २० ते ५० सेंटिमीटर वर. त्याची दोन भिंगं दोन वेगळी चित्रं घेतात, ती ५५ इंची ४के पडद्यावर उमटतात, आणि थ्रीडी चष्मा घातला की खोली दिसते. सर्जन ताठ बसून समोर बघतो, हात खाली काम करतात. पहिले काही दिवस हे चमत्कारिक वाटतं, नजर एकीकडे आणि हात दुसरीकडे. ज्यांनी दुर्बिणीची ऑपरेशनं केली आहेत त्यांना लवकर जमतं. काही थोड्यांना थ्रीडीने गरगरतं आणि ते पुन्हा मायक्रोस्कोपकडे वळतात, त्यात कमीपणा नाही.

२०१७च्या आसपास अशी बरीच यंत्रं एकदम आली. जपानची ऑर्बआय (ऑलिंपस आणि सोनी यांनी मिळून केलेली), कॅनडाची सिनॅप्टिव्ह मोडस व्ही, जर्मनीची झाइस किनेव्हो, ज्यात नळ्याही आहेत आणि पडदाही. किमती कोटींत. ही नावं लक्षात ठेवायचं कारण नाही, माहितीपत्रकात दिसली तर गोंधळू नका म्हणून सांगितली.

मामांचा रोबोट म्हणजे कॅमेरा धरणारा तो हात. पायाखालचं पेडल दाबलं की तो सरकतो, आणि एका बिंदूवर नजर ठेवून त्याच्याभोवती फिरतो, म्हणजे कोन बदलला तरी गाठ चित्राच्या मधोमधच राहते. मोडस व्हीचं यांत्रिक हाताचं तंत्र तर कॅनडाने अंतराळयानांसाठी बनवलेल्या हातांच्या घराण्यातलं. पण तुमच्या वडिलांच्या मेंदूला तो हात स्पर्श करत नाही. कात्री, रक्त ओढून घेणारी सक्शनची नळी, रक्तवाहिनी विजेने बंद करणारा बायपोलर चिमटा हे सगळं सर्जनच्या हातात असतं. कोणी ‘रोबोट गाठ काढतो’ असं सांगितलं असेल तर ते विक्रीचं बोलणं आहे, तेवढं कानाआड करा.

आता मोठा प्रश्न, पडद्यामुळे रुग्णाचं भलं होतं का. मायक्रोस्कोप आणि एक्सोस्कोप यांची तुलना करणारे अभ्यास बरेच झाले आहेत, आणि गाठ किती निघाली, किती गुंतागुंत झाली, या दोन बाबतींत ठळक फरक सहसा सापडत नाही. फरक सापडतो तो सर्जनच्या मान-पाठीत आणि शिकवण्यात. हे ऐकून ‘मग कशाला हा खर्च’ असं वाटेल. माझं मत जरा वेगळं आहे. पाचव्या तासाला सर्जनचे खांदे भरून आलेले नसणं हे रुग्णाच्याच कामाचं आहे, जरी ते कुठल्या तक्त्यात मावत नसलं तरी. आणि मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट वेगळीच आहे. पडद्यावर जे मला दिसतं तेच, तेवढंच खोल, ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांना दिसतं. रक्तस्राव सुरू होताना सिस्टरच्या हातात मागायच्या आधी कापसाची पट्टी तयार असते. भूलतज्ज्ञाला रक्तदाब कधी उतरवायचा हे विचारावं लागत नाही. गडचिरोली किंवा वाशीमकडून शिकायला आलेला पोरगा बाजूच्या नळीसाठी नंबर लावत बसत नाही, तो पहिल्या दिवसापासून पूर्ण ऑपरेशन बघतो. आपल्या भागाला न्यूरोसर्जन कमी आहेत, त्यामुळे माझ्या हिशेबी यंत्राची अर्धी किंमत इथेच वसूल होते.

तोटेही सांगतो. खूप जवळून, खूप मोठं करून बघितलं तर चित्र थोडं दाणेदार होतं. मायक्रोस्कोपच्या काचेतून तसं होत नाही. खोल, अरुंद फटीत रक्त साचलं की सगळा पडदा लालभडक होतो आणि तपशील बुजतो. खोलीचा अंदाज काहींना कमी येतो. आणि यंत्र विजेवर चालतं. वोल्टेज वर-खाली होणं आपल्याकडे नवीन नाही, आणि दुरुस्तीचा इंजिनिअर अनेकदा मुंबई-पुण्याहून येतो. म्हणून तुम्ही विचाराच: मध्येच पडदा गेला तर पुढे काय? चांगल्या ठिकाणी उत्तर तयार असतं की मायक्रोस्कोप बाजूलाच आहे, झाकून ठेवलाय, दोन मिनिटांत आणतो. हा प्रश्न विचारल्यावर डॉक्टर चिडले तर तेही एक उत्तरच समजा.

गाठ चमकवणाऱ्या औषधाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या बाबतीत कॅमेऱ्यापेक्षा हे महत्त्वाचं ठरू शकतं, आणि जास्तीचे पैसेही बहुधा याचेच असतील.

ग्लायोमाची कड नीट नसते. आपल्या काळ्या जमिनीत पाणी मुरतं तशी ही गाठ मेंदूत मुरलेली असते. ओलं कुठे संपलं आणि कोरडं कुठे सुरू झालं हे डोळ्याने ठरत नाही. पांढऱ्या प्रकाशात गाठीचा बाहेरचा भाग आणि चांगला मेंदू जवळपास सारखेच दिसतात. तिथे ५-एएलए नावाचं औषध कामी येतं. वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम या हिशेबाने पाण्यात विरघळवून ते भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी प्यायला देतात. हाय ग्रेड गाठीच्या पेशी त्यापासून एक द्रव्य तयार करून साठवतात, आणि निळा-जांभळा प्रकाश टाकला की त्या लालसर-गुलाबी चमकतात. आजूबाजूचा मेंदू निळाच राहतो. पहिल्यांदा बघणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या तोंडून आवाज निघतो, इतकं ते स्पष्ट असतं.

याचा पुरावाही भक्कम आहे. जर्मनीत वॉल्टर स्टुमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध देऊन केलेल्या ऑपरेशनांत एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण ६५ टक्के होतं, नेहमीच्या पद्धतीत ३६ टक्के. सहा महिन्यांनंतर गाठ वाढलेली नाही असे रुग्ण ४१ टक्के विरुद्ध २१ टक्के. मात्र त्याच अभ्यासात एकूण आयुष्यात स्पष्ट फरक दिसला नव्हता, आणि ही ओळ जाहिरातीत कधी नसते. अमेरिकेत औषधाला परवानगी मिळायला २०१७ उजाडलं. आपल्याकडे ते महाग पडतं आणि सगळीकडे मिळत नाही.

त्यामुळे बऱ्याच ठिकाणी फ्लुरोसीन वापरतात. डोळ्याचे डॉक्टर डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी करताना हाताच्या शिरेत जे पिवळं औषध टोचतात तेच हे. खूपच स्वस्त. ते पेशीत साठत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, तिथून बाहेर झिरपतं आणि खास फिल्टरमधून पिवळं-हिरवं दिसतं. म्हणून त्याची खूण ५-एएलएइतकी नेमकी नसते, नुसती सूज आलेला भागही रंगू शकतो. तुम्हाला यातलं कोणतं देणार आहेत ते नाव घेऊन विचारा. दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि ‘चमकवणारं औषध’ या एका शब्दाखाली दोन्ही खपतात. फ्लुरोसीन दिल्यावर एक-दोन दिवस लघवी हळदीसारखी होते, अंगही पिवळसर दिसतं. अगोदर सांगितलं नाही तर वॉर्डात हमखास बोभाटा होतो: “बाप्पा, बुढ्याले कावीळ झाली काय?” नाही झालेली. आपोआप उतरते.

५-एएलए दिलं तर मात्र एक पथ्य पाळायचं. त्वचा एक-दोन दिवस उन्हाला फार नाजूक होते, भाजल्यासारखी लाल पडते. युरोपात २४ तास आणि अमेरिकेत ४८ तास तीव्र प्रकाशापासून जपायला सांगतात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात मी ४८च धरतो. खिडकीचा पडदा उघडू नका, हवा यावी म्हणून रुग्णाला गॅलरीत बसवू नका.

तिसरा एक रंग आहे, इंडोसायनीन ग्रीन. तो गाठीसाठी फारसा नसून रक्तवाहिन्यांसाठी. रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यावर क्लिप लावल्यावर तो फुगा खरंच बंद झाला का आणि शेजारची चांगली वाहिनी चुकून दाबली गेली नाही ना, हे काही सेकंदांत दिसतं. अवरक्त प्रकाश आपल्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. इथे कॅमेरा खरोखर डोळ्याच्या पुढे जातो. फुगा फुटून मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी हे ऑपरेशनआधी जरूर विचारावं.

आता ज्यासाठी मी एवढं लांबण लावलं त्यावर येतो. कॅमेरा, निळा प्रकाश, गुलाबी चमक हे सगळं सांगतं की गाठ कुठे आहे. तिथला मेंदू काय काम करतो हे त्यातलं काहीही सांगत नाही. चमकणाऱ्या भागातही जिवंत, काम करणारा मेंदू मिसळलेला असू शकतो. तुमच्या वडिलांची गाठ डाव्या पुढच्या भागात आहे, झटक्यात उजवा हात आखडला आणि वाचा गेली. उजव्या हाताने कामं करणाऱ्या बहुतेक माणसांत बोलण्याची केंद्रं डावीकडे असतात. म्हणजे गाठ बोलण्याच्या आणि हाताच्या केंद्राच्या शेजारी असण्याचा संभव मोठा. अशा वेळी ‘सगळं गुलाबी काढलं’ ही फुशारकी मारण्यासारखी गोष्ट नाही. सगळं काढलं आणि माणूस मुका झाला तर घरच्यांनी काय करायचं?

काढायचं कुठे थांबवायचं हे दुसऱ्या दोन साधनांवर ठरतं. एक, मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य वीज लावून हाता-पायाच्या तारा तपासणं. दोन, रुग्णाला मध्ये जागं करून बोलायला लावणं. ऐकून अंगावर काटा येतो, पण मेंदूला स्वतःला दुखण्याची जाणीव नसते. कातडी आणि आवरण बधिर केलेलं असतं. चित्रं दाखवून नावं विचारतात, आकडे मोजायला लावतात, वाक्य पूर्ण करायला देतात. एखाद्या ठिकाणी वीज लावताच बोलणं अडखळलं की तिथे खूण करून ती जागा सोडायची, गुलाबी असली तरी. पडद्याचा इथे एक छोटा फायदा होतो, मध्ये मायक्रोस्कोपचा बोजड डोलारा नसल्याने रुग्णाचा चेहरा मोकळा राहतो आणि समोर बसून बोलणाऱ्याला त्याच्या ओठांची हालचाल नीट दिसते.

भाषेचा मुद्दा मोठ्या शहरात निसटतो, म्हणून मुद्दाम लिहितो. ही चाचणी रुग्ण घरात जी भाषा बोलतो तिच्यात व्हायला हवी. तुमच्या भागात कोलामी आणि गोंडी बोलणारी घरं बरीच आहेत. अशा माणसाला पुस्तकी मराठीत ‘हे काय आहे’ विचारलं आणि तो थबकला, तर तो विजेमुळे थबकला की शब्दच परका म्हणून, हे कोण सांगणार? वऱ्हाडी बोलणाऱ्याचंही तेच. चित्रातल्या भांड्याला तो घरी जे नाव देतो तेच त्याच्या जिभेवर येणार, आणि ते चूक नाही हे तपासणाऱ्याला ठाऊक असायला हवं. आधीच्या दिवशी चित्रं दाखवून त्याचे स्वतःचे शब्द लिहून घेतले की काम सोपं होतं.

आणखी एक यंत्र तुमच्या कानावर पडेल, नेव्हिगेशन. ऑपरेशनआधीच्या एमआरआयवर हत्यार नेमकं कुठे आहे ते दाखवतं. कवटी कुठे उघडायची हे ठरवायला फार उत्तम. पण एकदा आवरण उघडून आतलं पाणी निघालं की मेंदू खाली बसतो, कधी कधी सेंटिमीटरभर, आणि नकाशा जुना होतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात मी नकाशापेक्षा चमक आणि वीज यांवर जास्त विश्वास ठेवतो.

थोडं अवांतर, हे इतर वाचकांसाठी. दुर्बीण, म्हणजे एन्डोस्कोप, हा वेगळा प्रकार. तो कॅमेरा आतच जातो. पिट्युटरी ग्रंथीची गाठ नाकावाटे काढतात, कवटी उघडावी लागत नाही. मेंदूतलं पाणी अडून डोकं मोठं झालेल्या लेकरांत, पाणी कुठे अडलं आहे ते बघून, एक छोटं भोक पाडून वाट करून देता येते. जमलं तर पोटात सोडायची नळी टळते. आपल्या भागासाठी ही दुर्बीण पडद्यावाल्या एक्सोस्कोपपेक्षा आधी यायला हवी असं मला वाटतं, कारण तिने ऑपरेशनचा प्रकारच बदलतो.

आणि डोक्याला मार लागलेल्यांना यातलं काहीही लागत नाही. ट्रॅक्टरवरून पडलेला, हेल्मेटशिवाय मोटारसायकल घसरलेला, असे रुग्ण आमच्याकडे गाठीच्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त येतात. कवटीखाली रक्त साचलं असेल तर लागतं ते लवकर सीटी स्कॅन आणि लवकर ड्रिलने कवटीला भोक पाडणं. १०८ला फोन करून ज्या जवळच्या ठिकाणी सीटी चालू आहे तिथे पोहोचा, चांगल्या रुग्णालयाच्या नावासाठी दोन तास पुढे जाऊ नका.

पुन्हा तुमच्याकडे. रिपोर्टमध्ये ‘असावा’ असं लिहिलं आहे, त्यावर पक्कं शिक्कामोर्तब गाठीच्या तुकड्याच्या तपासणीनेच होतं. आपल्याकडे टीबीची गाठ आणि डुकराच्या पट्टकृमीची गाठ मेंदूत सर्रास सापडते, दोन्हींत झटके येतात आणि दोन्ही बहुतेक वेळा गोळ्यांनी बऱ्या होतात. अनुभवी रेडिओलॉजिस्ट आणि सर्जन दोघांनी एमआरआय बघून ही शक्यता खोडली आहे का, एवढं विचारून घ्या. सहसा खोडलेली असते.

पैशाचं म्हणाल तर, आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का बघा. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि मेंदूच्या गाठीची ऑपरेशनं त्यात बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटून पॅकेजमध्ये काय येतं आणि काय बाहेरचं, हे कागदावर घ्या. कॅमेरा रुग्णालयाचा आहे, तो वापरला म्हणून योजनेच्या रुग्णाकडून वेगळे पैसे मागणं मला पटत नाही. औषधाचं वेगळं आहे. ५-एएलए असेल, गाठ हाय ग्रेड दिसत असेल, आणि सर्जन म्हणत असतील की कड दिसल्यावर जास्त काढता येईल, तर जमत असल्यास त्यावर खर्च करण्यात अर्थ आहे. त्यासाठी शेत गहाण टाकावं लागत असेल तर टाकू नका. फ्लुरोसीनवर किंवा नुसत्या मायक्रोस्कोपवर, जागं ठेवून काळजीने केलेलं ऑपरेशन हे चमकत्या पण घाईच्या ऑपरेशनपेक्षा चांगलं.

मुंबईबद्दल माझं मत, नुसत्या कॅमेऱ्यासाठी जाऊ नका. सर्जनला हे चार प्रश्न विचारा: अशा जागेच्या गाठी तुम्ही नेहमी काढता का, या पडद्यावर तुमचा हात बसला आहे का, बोलण्याची चाचणी करणार का, आणि कुठे थांबणार. उत्तरं सरळ आली तर नागपूर पुरेसं आहे. जागं ठेवून करायची सोय तिथे नसेल आणि गाठ खरंच बोलण्याच्या केंद्रावर असेल, तर जिथे ती आहे तिथे जा, मग ते नागपुरातलंच दुसरं रुग्णालय असेल किंवा मुंबईचं टाटा. दुसरं मत घ्यायला रुग्णाला हलवावं लागत नाही, एमआरआयची सीडी पुरते.

आणखी एका कारणाने मी नागपूरकडे झुकतो. गाठ हाय ग्रेड निघाली तर ऑपरेशन ही सुरुवात असते. पुढे रेडिएशन, नेहमीच्या पद्धतीत ३० वेळा, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे, सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. २००५ पासून जगभर हाच रिवाज आहे. ही गाठ मुळासकट जात नाही. चांगले दिवस वाढवणं हे उद्दिष्ट असतं, आणि ते घरातल्या कर्त्या माणसाला आत्ताच माहीत असावं. या सहा आठवड्यांत रोज कोण सोबत राहणार, मुक्काम कुठे, वेचणी किंवा सोयाबीनची कापणी मध्ये आली तर घर कोण बघणार, याचा विचार ऑपरेशनच्या आधी करा. रेडिएशन नागपुरात आहे, सेवाग्रामलाही आहे. मुंबईत ऑपरेशन करून पैसे आणि दम दोन्ही संपलेली, आणि मग रेडिएशन अर्धवट सोडलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. कॅमेऱ्याने मिळवलेलं सगळं तिथे वाया जातं.

तारीख मिळेपर्यंत झटक्याची गोळी एकही चुकवायची नाही. सूज उतरायला डेक्सामेथासोन दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. या औषधाने साखर चढते, तेव्हा मधुमेह असो-नसो, एकदा तपासून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सर्जनला आजच कळवा. वडिलांना विहिरीकडे, मोटर सुरू करायला, झाडावर किंवा गाडीवर एकटं पाठवू नका. नागपूरला जाताना रिपोर्टच्या कागदासोबत सीडी न्या, आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. पुन्हा झटका येऊन पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा उलट्या होऊन गुंगी वाढली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच रात्री निघा.